संशोधन सोडून शिक्षणात जाणं म्हणजे पळ काढणं का?

"पीएचडी, त्यावर पोस्टडॉकचं पुढचं संशोधन, आणि आता शिक्षकांचे वर्ग घेणार? मग एवढी वर्षं कशाला घासली?"

प्रश्न तिच्या सासऱ्यांचा, पण झोप तिची उडाली होती. चाळिशीतली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ (ओळखीचे तपशील बदललेत). एका संस्थेनं शिक्षक-प्रशिक्षण विभागाची प्रमुख म्हणून बोलावलेलं. माझ्याकडे करिअरच्या सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक संशोधकांना हीच धास्ती असते: लोक म्हणतील, पेपर निघेनात म्हणून गेली.

पगाराचं, पदाचं मी नंतर काढलं. आधी विचारलं, गेल्या महिन्यातलं लॅबमधलं काय आठवतं?

पेपरचं नावही निघालं नाही. एमएस्सीच्या एका मुलीचा हात मायक्रोपिपेट (थेंबाहून कमी द्रव मोजून उचलायचं साधन) धरला की थरथरायचा. जेलच्या, म्हणजे नमुना तपासायच्या जेलीसारख्या थराच्या, खाचेत नमुना जायच्या आधीच सांडायचा. हिनं तिला टाकाऊ जेल आणि नुसता लोडिंग डाय (नमुन्यात मिसळायचा रंग) देऊन बसवलं, आणि स्वतः पाठ करून बसली. बघणारं कोणी असलं की तो हात जास्तच हलतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. सांगताना ती खुर्चीत पुढे सरकली होती.

शिकवण्याची ही नजर सगळ्यांना नसते, हे मी तिला सांगितलं. पण विभाग चालवणं निराळं. तिथे वीस वर्षं फळ्यापुढे उभे राहिलेले शिक्षक 'तुम्ही कधी साठ पोरांचा वर्ग घेतलाय?' असं तोंडावर विचारणार, आणि ते बरोबरच आहे.

जीवशास्त्रज्ञ अनिल सदगोपाल मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) सोडून मध्य प्रदेशातल्या खेड्यात गेले आणि १९७२ मध्ये होशंगाबादचा विज्ञान-शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. टीआयएफआरचेच भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या उभारणीत उतरले. पेपर निघेनात म्हणून गेलेली ही माणसं नव्हेत.

व्यवहाराचंही बोललो. पुढे कॉलेजची प्राचार्य व्हायचं मनात असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत पीएचडी आणि १५ वर्षांच्या अनुभवाबरोबर सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक पदही लागतं. या नोकरीतून ते दार आपोआप उघडत नाही. तिला ते नकोच होतं; तरी माहीत असलेलं बरं.

राजीनाम्याआधी तिनं संस्थेकडे एक सत्रभर दर शनिवारी शिक्षकांबरोबर वर्गात बसायची परवानगी मागितली. शिवाय अर्धवट पेपरसाठी आठवड्यातला एक दिवस. दोन्ही मान्य झालं. लॅबच्या सरांशी बोलणं राहिलंय. त्याची तयारी पुढच्या भेटीत करू.