‘नोटरी केलंय, मग मुलीला भेटू का देत नाहीत?’

“मॅडम, दोघांच्या सह्या आहेत, नोटरीचा शिक्का आहे. मग मला मुलीला भेटू का देत नाहीत?” घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका बाबांचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घटस्फोट झालेले आईबाप माझ्याकडे सगळ्यात जास्त हाच प्रश्न घेऊन येतात.

त्यांनी फोल्डरमधून ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर काढला. इतक्यांदा उघडलेला, की घडीवर विरला होता. पोलीस चौकीत दाखवला तर ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणाले. चार बैठकांच्या मध्यस्थीतून निघालेलं त्यात एवढंच: मुलीचा ताबा आईकडे आणि ‘वडील सोयीनुसार भेटतील.’ सोय कुणाची? कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठून न्यायचं?

मी घटस्फोटाचे कागद मागितले. परस्परसंमतीच्या अर्जात एक ओळ होती, ‘अपत्याबाबत उभयतांत वाद नाही.’ करार कोर्टापुढे गेलाच नव्हता. दोघांनाही एकदाचं संपवायचं होतं. असं पाहिलं की जीव तुटतो. तेव्हाच ती दोन पानं अर्जाला जोडली असती तर पुढची पायपीट टळली असती.

नोटरी फक्त सह्या कुणाच्या ते सांगते, त्याने करार हा आदेश होत नाही. तो कोर्टात दाखल करून, मुलाचं हित पाहून न्यायाधीशांनी त्यावर आदेश दिला, की दोघांवर बंधन येतं. कुणी मोडला तर १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याखाली अंमलबजावणीची दरखास्त, म्हणजे आदेश पाळायला लावण्याचा अर्ज, लावता येते. कोर्टाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडली तर अवमानाचंही प्रकरण होऊ शकतं. अर्थात ताब्याचा आदेश काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मुलाच्या हितासाठी तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब प्रकरणात सांगितलं आहे.

“मग तोवर पोटगी बंद करतो,” ते म्हणाले. मी तिथेच थांबवलं. ते पैसे मुलीच्या शाळेचे, जेवणाचे आहेत, भेटीचं भाडं नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे घटस्फोटानंतरही मुलांबाबत अर्ज करता येतो. वकिलांनी तो केला. दरम्यान मुलीची आई एकदा माझ्याकडे आली. “मॅडम, रात्री साडेनऊला बेल वाजवायचा. पोर झोपलेली. नाही म्हटलं की तोच कागद नाचवायचा.” ‘सोयीनुसार’ या एका शब्दाने तिलाही तितकंच छळलं होतं, आणि तिचं म्हणणं मला पटलं.

या वेळी आम्ही दोघांना समोरासमोर बसवून सगळं घड्याळ लावून लिहिलं. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६. सोसायटीच्या गेटवरून न्यायचं, तिथेच सोडायचं. बुधवारी साडेसातला व्हिडिओ कॉल. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, गणपती आलटून पालटून. मूल आजारी असेल तर आदल्या दिवशी मेसेज, आणि बदली शनिवार. सहा ओळी फक्त गणपतीवर गेल्या! त्या अटी कोर्टात दाखल होऊन आदेश झाला.

परवा आईचा फोन आला. शनिवारी सकाळी मुलीचा स्केटिंगचा क्लास सुरू झालाय, दहाऐवजी एक चालेल का? बाबांनी होकार दिला होता. मी म्हटलं, एखाद्या वेळेला मेसेज पुरे, पण कायमचं करायचं असेल तर दोघं मिळून अर्ज द्या, आदेशात तशी नोंद होऊ दे.