दुसऱ्यांदा पाण्यात उतरण्याआधी

चि. बाळा,
सलाम.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सअॅपवर अंगठ्याने लिहिण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. फेलोशिपमधली, म्हणजे प्रार्थनेच्या गटातली, मुलं तुला म्हणतात की तान्हेपणी डोक्यावर घातलेलं पाणी हा बाप्तिस्माच नव्हे. आता समजून-उमजून विश्वास ठेवतोस, तर अंगभर पाण्यात बुडून खरा बाप्तिस्मा घे. शहराबाहेर कुणाच्या शेतावर टाकी आहे, तारीखही ठरली आहे. आणि तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊ नकोस. दृढीकरण घे, म्हणजे बाळपणीच्या बाप्तिस्म्याची मोठेपणी स्वतःच्या तोंडाने कबुली दे. ते दहावीच्या वर्षी क्लासेसपायी राहिलं आणि मग सगळेच विसरले.

पण तुझे मित्र म्हणतात त्यातलं निम्मं खरं आहे, आणि ते आपल्या मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, चांगलंच झोंबणारं आहे. आपल्याकडे रविवारच्या उपासनेत बाप्तिस्मा असला की काय होतं? पाळकसाहेब आईबापांना आणि धर्ममातापित्यांना विचारतात: दुष्टतेचा त्याग करता का, ख्रिस्तावर विश्वास ठेवता का, या लेकराला त्या विश्वासात वाढवाल का. उत्तरं पुस्तकात छापलेली असतात, ती बघून सगळे एका सुरात म्हणतात. मग पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने कुंडातलं पाणी डोक्यावर, कपाळावर क्रुसाची खूण, फोटो, आणि दुपारी हॉलमध्ये बिर्याणी. ज्या धर्मपित्याने लेकराला वाढवण्याचं वचन दिलं, तो पुष्कळदा त्यानंतर थेट त्या लेकराच्या लग्नातच दिसतो. तुझा धर्मपिता कोण, हे तुला ठाऊक आहे का? मला आहे, पण मी सांगणार नाही. आईला विचार.

आपल्याला फुकट मिळालं, म्हणून आपण ते स्वस्त समजलो. ज्यांना बाहेरून आत यावं लागलं त्यांच्यासाठी हे पाणी फार महाग होतं. नारायण वामन टिळक काही काळ याच नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि भरला संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या, आणि पुढे स्वतःच्या मनाने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला म्हणून घेतला नाही, ही गोष्ट मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडते. तुझे मित्र जेव्हा म्हणतात की विश्वास ज्याचा त्याने कबूल केला पाहिजे, तेव्हा ते लक्ष्मीबाईंच्या बाजूने बोलत असतात. तिथे मी त्यांच्याशी भांडणार नाही.

भांडण पुढे आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, आणि त्याच वेळी त्यांच्या छोट्या मनोरमेचाही. आई विचार करून, वाद घालून, शंका काढून आलेली. लेक जेमतेम दोन-अडीच वर्षांची, आईच्या बोटाला धरून आलेली. तुझ्या मित्रांच्या हिशोबाने त्या दिवशी एकच बाप्तिस्मा झाला. मंडळीने दोन लिहिले. नव्या करारातही घराणीच्या घराणी बाप्तिस्मा घेताना दिसतात: प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदिया आणि तिचं घराणं, त्याच अध्यायात फिलिप्पैच्या बंदिशाळेचा नायक आणि त्याची सगळी माणसं, तेही मध्यरात्री. त्या घरांत तान्ही मुलं होती असं तिथे लिहिलेलं नाही, आणि नव्हती असंही नाही. एवढ्यावरून दोन्ही बाजूंनी शेकडो वर्षं पुस्तकं लिहिली आहेत. तू त्यात पडू नकोस.

त्यापेक्षा आपल्याच शहरात काय झालं ते बघ. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. बोलणी सुरू होती १९२९ पासून. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि युनायटेड चर्चवाले बाळांना बाप्तिस्मा देणारे. तू ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकतोस ते १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉपही स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे त्याच परंपरेतले. समोर बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स: मोठ्या माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय त्याला पाण्यात न उतरवणारे. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया झाली तेव्हा बॅप्टिस्ट तिच्यात नव्हते, त्यामुळे ही गाठ तिथे सोडवावीच लागली नव्हती. इथे सोडवावी लागली.

त्यांनी ठरवलं की दोन्ही पद्धती मंडळीत मान्य. बाळाला बाप्तिस्मा द्या आणि मोठेपणी त्याने दृढीकरणात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा. किंवा बाळाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून त्याने बाप्तिस्मा घ्यावा. कुठल्याही वाटेने आलास तरी कबुली तुझी तुलाच द्यायची आहे. तू पहिल्या वाटेवर निघालास आणि मध्येच थांबलास. तुझ्या मित्रांनी बरोबर ओळखलं की काहीतरी राहिलंय. ते काय, हे सांगताना मात्र त्यांनी चुकीचं नाव घेतलं.

आता पाण्याबद्दल. ते किती असावं यावर तुझ्या निरोपात बरंच होतं, माझ्याकडे थोडकंच आहे. यार्देनेत येशू पाण्यातून वर आला असं शुभवर्तमान सांगतं, तेव्हा नदीत उतरूनच झालं, यात शंका नाही. पण पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या संधिकाळातलं दिदाखे नावाचं छोटं पुस्तक उपलब्ध आहे, मंडळीच्या कारभाराच्या सूचनांचं. त्यात म्हटलंय की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड चालत नसेल तर कोमट. आणि दोन्ही पुरेसं नसेल तर तीनदा डोक्यावर ओतावं. एप्रिल-मे महिन्यात नळाची वाट बघत बसलेल्या नागपूरकराला ही सूचना लगेच पटावी. ऑर्थडॉक्स मंडळ्या आजही तान्ह्या बाळाला तीनदा बुडवतात, म्हणजे बुडवणं आणि मोठं असणं यांची जोडीही तुझे मित्र समजतात तशी बांधलेली नाही.

आणखी एक गोष्ट तू हळूच शेवटी लिहिलीस: ज्यांनी तुला बाप्तिस्मा दिला त्यांचं पुढचं वागणं मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, मग अशा हाताने दिलेला बाप्तिस्मा कसा चालेल? हा तुझ्या निरोपातला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे, आणि सगळ्यात जुनाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरून मंडळी दुभंगली. छळाच्या काळात जीव वाचवायला ज्यांनी पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या, त्यांनी पुढे दिलेले संस्कार खरे मानायचे का? डोनॅटिस्ट नावाचा कडवा गट म्हणाला, नाही. आमच्याकडे या, पुन्हा बाप्तिस्मा घ्या. तिथल्याच ऑगस्टीन नावाच्या बिशपने उत्तर दिलं की बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त आहे, पाळकाचा फक्त हात असतो. मला हे उत्तर अजूनही पुरतं. नाहीतर प्रत्येक पाळकाचं आयुष्य संपेपर्यंत आपला बाप्तिस्मा टांगणीला लागेल, आणि त्या शेतावरच्या टाकीत उभ्या राहणाऱ्या पाळकाचंही आयुष्य अजून संपायचंय.

एफिसच्या बारा-एक शिष्यांना पौलाने पुन्हा बाप्तिस्मा दिला, हा प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय ते तुला दाखवतील. दाखवू देत. ते लोक फक्त येशूच्या आधी आलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा घेतलेले होते. पवित्र आत्मा आहे हेसुद्धा त्यांनी ऐकलं नव्हतं. तुझ्यावर पाणी पडलं तेव्हा पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलेलं होतं. मी दुसऱ्या बाकावर होते, तुझ्या रडण्यावरही ते ऐकू आलं.

तुला आठवत नाही, हीच तुझी खरी खंत आहे असं मला वाटतं. पण बारशाला ठेवलेलं नावही कुणाला आठवत नसतं. हाक आली की माणूस वळतोच. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल लिहितो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, यासाठी की नव्या जीवनात चालावं. पुरलं जाणं आपल्यावर होतं. चालणं आपलं आपण करायचं. तू चालण्याची ओढ लागली म्हणून पुन्हा पुरून घ्यायला निघालास. मार्टिन ल्यूथरला शंकांनी घेरलं की तो स्वतःला सांगत असे: माझा बाप्तिस्मा झालेला आहे. तोही तान्हेपणीचाच, जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. एवढा भांडकुदळ माणूस, पण त्याने तो पुन्हा घेतला नाही.

मित्रांना मात्र हसू नकोस, आणि घरी कुणी हसलं तर त्यांनाही हसू देऊ नकोस. १५२५ मध्ये झुरिकला ज्यांनी मोठेपणीच्या बाप्तिस्म्याची सुरुवात केली, त्यांतल्या फेलिक्स मान्झला दोन वर्षांनी तिथल्याच नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे बाळांना बाप्तिस्मा देणारे ख्रिस्तीच होते. आपल्या बाजूवर हा डाग आहे.

तुझ्याबरोबर त्या दिवशी पाण्यात उतरणार असलेला तो दुसरा मुलगा, ज्याच्या घरी कुणी ख्रिस्ती नाही, त्याची मला तुझ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. त्याचा हा पहिलाच बाप्तिस्मा, त्यामुळे माझे वरचे मुद्दे त्याला लागू नाहीत. पण त्याच्याशी कुणी नीट बोललंय का? घरच्यांशी तो बोललाय का? तो अनुसूचित जातीचा असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही, हे त्याला कुणी सांगितलंय का? सगळं कळून त्याने पाऊल टाकलं तर मी स्वतः टॉवेल घेऊन काठावर उभी राहीन. न कळवता त्याला घाईने उतरवणं मला मान्य नाही. टिळकांनी शेवटच्या काळात, १९१७ मध्ये, देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत असा त्यांचा विचार होता. त्याला थांबायचं असेल तर थांबायला जागा आहे, एवढं त्याच्या कानावर घाल.

आता कामाचं. शनिवारी सकाळी चर्चच्या ऑफिसात जा आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आपलं पान काढायला सांग. तारीख, आईबापांची नावं, धर्ममातापित्यांची नावं, पाळकांची सही, सगळं आहे. वाच, फोटो काढू नकोस. आईला ठरलेल्या तारखेच्या आधी सांग, नंतर नाही. नंतर कळलं तर तिचं भांडण बाप्तिस्म्याशी राहणार नाही, तुझ्याशी राहील. आणि हे सगळं वाचूनही त्या टाकीत उतरलास, तर पुढच्या रविवारी मी नेहमीसारखाच सलाम करीन, बाकावर सरकून जागाही देईन. मत मात्र बदलणार नाही.

दृढीकरणाचा वर्ग जुलैत सुरू होतो, बुधवारी संध्याकाळी. बाकीची पोरं नववी-दहावीची आहेत, तू त्यांच्यात उंच दिसशील, चालेल. पाळकसाहेबांशी बोलायचं असेल तर मी फोन करून वेळ घेते. तुझं नाव अजून त्यांच्याकडे काढलेलं नाही. शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी,
मावशी