फ्लेक्स-फ्युएल बाइक घेतली तर पिकअपही वाढेल आणि ॲव्हरेजही?

तुम्ही विचारलंय की पर्वरी ते वेर्णा रोजची ये-जा आहे, फ्लेक्स-फ्युएल बाइक, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉलच्या कमी-जास्त मिश्रणावर चालणारी, घ्यायचं मनात आहे. ई-८५ वर (८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) ताकद वाढेल का, पैसे वाचतील का, आणि मित्राच्या जुन्या कारमध्येही ते चालेल का.

ॲव्हरेजचं आधी सांगतो, कारण फोंड्याला माझ्या गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. ॲव्हरेज पडणारच. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, लिटरभर इथेनॉलमध्ये २१. तुलना मात्र शुद्ध पेट्रोलशी करू नका, पंपावर आज मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याच्या तीन-चतुर्थांश ऊर्जा ई-८५ मध्ये असते. ई-२० वर ४० देणारी बाइक ई-८५ वर तीस-एकतीस देईल. म्हणजे ई-२० शंभर रुपये धरलं तर ई-८५ पंचाहत्तरच्या आत मिळायला हवं, नाहीतर तो आतबट्ट्याचा व्यवहार. ब्राझीलमध्ये २००३ पासून अशा गाड्या विकल्या जातात. तिथले लोक पंपावर उभ्या उभ्या ७० टक्क्यांचा ठोकताळा लावतात: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल.

आता ताकद. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, शिवाय वाफ होताना ते हवेतली उष्णता बरीच ओढून घेतं. थंड, दाट हवा आत जाते आणि नॉकिंगची, म्हणजे इंधन आपोआप भलत्या वेळी पेटून इंजिन ठोकण्याची, भीती कमी होते. पण याचा फायदा उठवायला जास्त कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) लागतं किंवा हवा दाबून आत भरणारा टर्बो लागतो. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची सुपरकार सीसीएक्सआर ई-८५ वर १०१८ हॉर्सपॉवर देते, तिचीच पेट्रोलवरची बहीण सीसीएक्स ८०६. ते सुपरचार्जर (टर्बोसारखीच हवा दाबून भरणारं यंत्र) लावलेलं इंजिन. आपल्याकडची फ्लेक्स बाइक ई-२० वरही नीट चालली पाहिजे, म्हणून कंपनी कॉम्प्रेशन मधलंच ठेवते. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, फार तर स्पार्कचं टायमिंग थोडं पुढे घेतो. गिअर बदलताना इंजिन जरा मोकळं वाटेल, बस्स. माझ्या मते निव्वळ पिकअपसाठी फ्लेक्स घेण्यात अर्थ नाही.

मित्राच्या कारमध्ये ई-८५ अजिबात घालू नका. पेट्रोल जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई-८५ ला दहापटीहून थोडी कमी. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन बरंच जास्त पुरवावं लागतं, आणि साध्या गाडीचा इंजेक्टर, पंप तेवढं देऊ शकत नाहीत. चेक इंजिनचा दिवा लागतो तो यासाठीच. रबरी नळ्यांचं तर विचारूच नका, इतकं इथेनॉल त्यांना खराब करतं.

फ्लेक्स गाडीत दोन्ही इंधनं कशीही मिसळा. फक्त एक करा: टाकी भरल्या भरल्या गाडी लावून टाकू नका, थोडे किलोमीटर चालवा. सेन्सरला नवं मिश्रण ओळखू द्या, नाहीतर सकाळी स्टार्ट व्हायला कटकट करते.

गोव्यापुरती खरी अडचण पंपाची. मार्च २०२४ मध्ये इथेनॉल-१०० ची (जवळजवळ निव्वळ इथेनॉलची) विक्री पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर सुरू झाली. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यात होते, गोवा नव्हता. तेव्हा बुकिंग करण्याआधी तुमच्या रस्त्यावर ई-८५ मिळतं का, हे स्वतः जाऊन बघा. नाही मिळालं तर ती बाइक जन्मभर ई-२० च पिणार.

आणि पावसाळा. लोकांना वाटतं जास्त इथेनॉल म्हणजे पाण्याचा जास्त त्रास. ई-८५ बरंच पाणी आपल्यात सामावून घेतं. फुटतं ते ई-२०. जूनपासून अंगणात उभ्या राहिलेल्या स्कूटरची टाकी पारदर्शक बाटलीत रिकामी केली की कधी कधी तळाला वेगळा थर बसलेला दिसतो. पाणी इथेनॉलला घेऊन खाली जातं, वर उरतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा आणि झाकणाचं रबर तपासा.