मला कुठंही चालेल

‘मॅडम, ब्रॅम्प्टन बरं की मिसिसागा?’ ‘हाउन्स्लोला भाडं परवडेल का?’ ‘टार्नीटला मोठं घर स्वस्तात मिळतंय, पण ऑफिसातले म्हणतात, तिकडे जाऊ नकोस.’

मी समुपदेशक आहे, इस्टेट एजंट नाही. तरी परदेशात (कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया) नोकरी लागलेल्या, बायकामुलांच्या आधी एकट्यानं पुढे गेलेल्या मुलांकडून (तिशी-पस्तिशीची असली तरी मला ती मुलंच वाटतात) हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की न पाहिलेल्या शहरांच्या रेल्वेचे नकाशे मला तोंडपाठ झालेत. प्रश्न भाड्याचा म्हणून येतो. झोप मात्र भलत्याच कशानं तरी उडालेली असते.

अनिकेत-रेवतीची गोष्ट त्यासाठी सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, दोघांना विचारून लिहिते आहे.

अनिकेत जानेवारीत मेलबर्नला गेला. ऑफिस डॉकलँड्सला, सदर्न क्रॉस स्टेशनपासून चालत. राहायला एका ओळखीच्यांकडे खोली. रेवती आणि सहा वर्षांची ईरा पुण्यात. एप्रिलमध्ये शाळेचं दुसरं सत्र सुरू व्हायच्या आत त्या दोघींना तिथं पोचायचं होतं. शनिवारी माझे सकाळचे साडेआठ म्हणजे त्याचे दुपारचे दोन. घरं बघून आलेला असायचा आणि चेहरा पडलेला असायचा. घर मिळत नव्हतं असं नाही. ठरत नव्हतं.

पहिल्याच भेटीत त्यानं स्क्रीनवर एक्सेल उघडलं. तेवीस उपनगरं, सतरा रकाने. शाळेचं रेटिंग, गुन्ह्यांचं प्रमाण, ट्रेनला लागणारा वेळ, भारतीय किराणा किती अंतरावर. मला कौतुक वाटलं आणि तिथंच मी फसले. त्याच्या हिशेबात मला एक चूक दिसली. तिकडे भाडं आठवड्याचं सांगतात. त्यानं ४९० डॉलरला चारानं गुणून महिन्याचे १९६० धरले होते. वर्षाचे आठवडे बावन्न, अठ्ठेचाळीस नव्हे. महिन्याला पडतात २१२३, आणि वर्षाअखेरी अख्ख्या चार आठवड्यांचं भाडं कमी पडतं. मी हे सांगितलं तेव्हा तो खूश, मीही खूश. पुढच्या शनिवारी रकाने एकोणीस झालेले! त्याच्या काळजीला मी माझ्या हातानं खाऊ घातला होता.

तिसऱ्या वेळी मी एक्सेल बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, “पहिलंच घर बरोबरच निवडलं गेलं पाहिजे मॅडम. चूक परवडणारच नाही.”

मी हे वाक्य कागदावर लिहून त्यातल्या तिन्ही ‘च’भोवती गोल काढले आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वाटेनं, म्हणजे मनातला ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट तपासत जाणारी आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना पहिल्या तासातच कळतं. माणसाला छळणारा बराचसा हट्ट मराठीत या एका अक्षरात मावतो.

“घर चुकलं, तर काय होईल?”

“बारा महिन्यांचं लीज असतं.”

“म्हणजे चूक किती महिन्यांची?”

“बारा.” मग जरा हसून, “जन्माची नाही, असं म्हणायचंय ना तुम्हाला?”

त्याला पटलं होतं. आणि दोन दिवसांनी मेसेज आला: मिळत असलेलं आणखी एक घर त्यानं सोडलं होतं. पटणं आणि सुटणं यांत बरंच अंतर असतं, हे इतक्या वर्षांनंतरही मला दर वेळी नव्यानं शिकावं लागतं.

मग मी यादीत त्याचं सर्वांत लाडकं घर कोणतं ते विचारलं. टार्नीटचं. शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर पश्चिमेला, नवी वसाहत, चार बेडरूम, पुढे लॉन, मागे पत्र्याची शेड.

“तिघांना चार खोल्या?”

“आईबाबा येतील ना. त्यांना त्यांची खोली नको?”

“कधी येणार आहेत?”

“बघू. यंदा हिवाळा झाल्यावर, नाहीतर पुढच्या वर्षी.”

“त्यांचे पासपोर्ट झालेत?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “नाही. अजून फॉर्मही भरलेला नाही.”

साताऱ्यात दोघं सत्तरीला टेकलेली. एकुलता मुलगा इतक्या लांब गेला, त्या अपराधाचं भाडं तो दर आठवड्याला एका रिकाम्या खोलीपोटी भरायला निघाला होता. मी हे असं बोलले नाही. “त्या खोलीत आज कोण राहतंय?” एवढंच विचारलं. त्याचे डोळे भरून आले. एका प्रश्नावर थांबायला मला पूर्वी जमत नसे. आता जमतं.

तरीही गाठ पुरती सुटली नव्हती, कारण निम्मी गाठ पुण्यात होती. मी रेवतीला बोलावलं.

ती माझ्या खोलीत आली ती मांडीवर हेल्मेट घेऊन बसली. (पुण्यात हेल्मेट! मी तिथंच तिच्या बाजूची झाले.) समोर लॅपटॉपवर अनिकेत. रेवती एका सहकारी बँकेत नऊ वर्षं अधिकारी होती, राजीनामा नुकताच दिलेला. मी घराबद्दल विचारलं.

“मला कुठंही चालेल,” ती म्हणाली.

“बघा ना,” अनिकेत पलीकडून, “ही कायम असंच म्हणते. मग मी एकट्यानं कसं ठरवू?”

“अरे, पण खरंच चालेल. तू म्हणशील तिथं राहू.”

हे वाक्य मी शेकडो बायकांच्या तोंडून ऐकलंय. त्यात समजूतदारपणा असतो आणि ‘मला विचारणार कोण’ हेही असतं. त्या दिवशी ते दुसऱ्यांदा ऐकताना मला त्यातला शब्दच वेगळा ऐकू आला.

“कुठं चालाल?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“ईराला शाळेत सोडलंत. नऊ वाजले. मंगळवार आहे. अनिकेत ऑफिसात. तुम्ही टार्नीटच्या त्या घराच्या दारात उभ्या आहात. चालत कुठं जाल?”

तिनं अनिकेतकडे पाहिलं. त्यानं नकाशा उघडला. दुकानं अडीच किलोमीटरवर. स्टेशन चार किलोमीटरच्या पुढे, पायी पाऊण तास. बस आहे, पण वेळ साधली तर. गाडी एकच घेणार, ती तो स्टेशनवर लावणार. शिवाय रेवतीला चारचाकी येत नव्हती.

“लायब्ररी?” मी विचारलं. “नोकरीच्या मुलाखतीला शहरात जायचं झालं तर? जूनमध्ये तिकडे पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. ईराला घेऊन अंधारात कुठल्या रस्त्यानं याल?”

रेवती हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होती. मग एकदम म्हणाली, “माझी अ‍ॅक्टिव्हा विकायला टाकलीय. काल एक मुलगा बघून गेला. चालवून बघतो म्हणाला. तो कोपऱ्यावरून वळला आणि मला वाटलं, हा माझे पाय घेऊन गेला.”

खोलीत कुणीच बोलेना. अनिकेत कॅमेऱ्याकडे नाही, खाली कीबोर्डकडे बघत होता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. मिनिटभर गेलं असेल.

“एकोणीस रकाने केले मी,” तो म्हणाला. “त्यात हिचा एकही नाही.”

“तू विचारलं असतंस तर...” रेवती थांबली. “नाही, तू विचारलं होतंस. मीच ‘चालेल’ म्हणत राहिले. नोकरी तुझी, पैसे तुझे, मग माझं मत कशाच्या जोरावर द्यायचं?”

त्या तासाला मी पुढे फारसं काही केलं नाही. ती दोघंच बोलत होती, मी चहा गार होऊ दिला. भाडं डॉलरमध्ये एकजण भरत असला, तरी दिवसांमध्ये ते दुसरंच कुणीतरी भरत असतं, हे मला त्यांच्या बोलण्यातून स्वच्छ दिसलं, आणि तेव्हापासून मी घराचा प्रश्न आला की पहिल्या भेटीतच हा मंगळवार विचारते. नवऱ्याला विचारते: तुमच्या बायकोचा मंगळवार सांगा. बायको आधी गेली असेल तर उलट. निम्म्यांहून जास्त जण अकरा वाजेपर्यंतही पोचत नाहीत.

टार्नीट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरात दोघं गाडी चालवतात, ज्यांना अंगण हवं, अशी कितीतरी मराठी कुटुंबं तिकडच्या वसाहतींत मजेत आहेत. दुसरी गाडी, तिचा विमा, पेट्रोल, रजिस्ट्रेशन हे भाड्यातच धरा आणि मग घर स्वस्त आहे का ते बघा, इतकंच. आणि महाराष्ट्र मंडळ जवळ असावं म्हणून घर घेऊ नका. गणपतीला वर्षातून एकदा तासभर प्रवास करता येतो. रात्री मुलीला ताप आला तर दार वाजवता येईल असं एक घर मात्र जवळ हवं, मग ते व्हिएतनामी असो की पंजाबी.

थोडं व्यवहाराचंही सांगते, कारण काळजीचा बराच भाग निव्वळ माहितीअभावी फुगतो. मेलबर्नमध्ये घर दाखवतात ते ठरल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं, रांगेत. अर्ज नाकारला गेला तर तो तुमचा अपमान नव्हे. नव्यानं आलेल्याकडे तिथल्या भाड्याचा इतिहास नसतो, म्हणून ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, जुन्या घरमालकाचं पत्र एकत्र ठेवा. घर सहसा रिकामं मिळतं: फ्रिज नाही, पलंग नाही, वॉशिंग मशीन नाही, ते पैसे वेगळे काढून ठेवा. आठवड्याचं भाडं ९०० डॉलरपर्यंत असेल तर डिपॉझिट, म्हणजे तिथला ‘बाँड’, एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि तो मालकाच्या खिशात नाही, सरकारी संस्थेकडे जमा होतो. ताबा घेतल्यावर घराच्या स्थितीचा रिपोर्ट भरून द्यायला कामाचे पाच दिवस असतात. प्रत्येक डागाचा फोटो काढा, लाजू नका. घर कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नसताना एक डॉलरही पाठवू नका. आणि हीटर लावून बघा. आपल्याकडची मंडळी जानेवारीच्या उन्हात घर पाहतात आणि जुलैत कुडकुडतात.

मार्चअखेर अनिकेतनं सनशाइनला दोन बेडरूमचं युनिट घेतलं. शहरापासून बाराएक किलोमीटर, भाडं ४५०. स्टेशन सात मिनिटांवर, शाळा नऊ, लायब्ररी स्टेशनच्या अलीकडे. हे सगळं रेवतीनं पुण्यात बसून नकाशावर बोट फिरवत मोजलं. स्वयंपाकघर अंधारं आहे आणि बाथरूमच्या फरशा भयंकर गुलाबी आहेत, असं तिनं मला आधीच कळवून ठेवलं होतं.

जूनमध्ये तिचा मोठा ईमेल आला. त्याच लायब्ररीत तिनं गावाचा इतिहास वाचला होता. सनशाइन हे नाव म्हणे मॅके नावाच्या कारखानदाराच्या कापणी यंत्रावरून पडलं. १९०७ साली त्याच कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ठरवलं की साध्या मजुरालाही बायको-मुलांसह काटकसरीत पण सुखानं राहता येईल इतकी मजुरी मिळायला हवी. त्यांनी ती दिवसाला सात शिलिंग धरली. ‘आणि मॅडम,’ तिनं लिहिलं होतं, ‘घरखर्च किती येतो हे त्यांनी कामगारांच्या बायकांनाही कोर्टात बोलावून विचारलं होतं. १९०७ मध्ये! अनिकेतला मी हे दोनदा वाचून दाखवलं.’

खाली ताजा कलम होता. सासूसासऱ्यांच्या पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, दिवाळीनंतर येतील. ते झोपणार कुठं, असं मी उत्तरात विचारलं.

‘हॉलमध्ये गाद्या घालून,’ तिचं उत्तर आलं. ‘साताऱ्याला गेलो की आम्ही कुठं झोपतो?’