वाचक विचारतात : एकपात्री कॅमेऱ्यात मेलं, ते का?

प्रश्न : मी कुडाळ-वेंगुर्ले भागात मालवणी एकपात्री करतो. गावात लोक पोट धरून हसतात. भाच्याच्या आग्रहाने शूटिंग करून घेतलं, ते मलाच बघवेना. मग त्याने जॉन वॉटर्स या अमेरिकन दिग्दर्शकाच्या एकपात्रीचा 'धिस फिल्दी वर्ल्ड' हा चित्रपट दाखवला. एकच माणूस उभा राहून बोलतो, तरी मी शेवटपर्यंत बसलो. त्याच्यात असं काय आहे?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तुम्ही पाठवलेलं शूटिंग पाहिलं. खोट तुमच्यात नाही. भरदुपारी रिकाम्या सभागृहात, फक्त कॅमेरावाल्यासमोर तुम्हाला उभं केलंय. गावकार आणि चाकरमानी यांच्या भांडणात तुम्ही वाक्य टाकता, भुवई चढवता, थांबता. आणि समोरून काहीच येत नाही. तो थांबा प्रेक्षकांचा आहे. दशावतारातला संकासुर समोरच्या माणसांशिवाय उभा करून बघा, काय उरतं?

वॉटर्स हा बाल्टिमोरचा, जन्म 1946 चा. पोरवयात मुलांच्या वाढदिवसांना बाहुल्यांचे खेळ करायचा. पुढे 1972 च्या 'पिंक फ्लेमिंगोज'ने त्याचं नाव झालं, बदनामीसकट. मला त्याची सगळ्यात लोभस वाटते ती 1981 च्या 'पॉलिएस्टर'ची गोष्ट. प्रेक्षकांना दारातच एक कार्ड द्यायचे. पडद्यावर आकडा चमकला की कार्डावरचा तोच आकडा नखाने खरवडायचा आणि वास घ्यायचा. गुलाबाचाही वास, आणि नाक मुरडावं असेही! समोर बसलेल्याला खेळात ओढण्याचा हा नाद त्याला लहानपणापासूनचा. म्हणून एकपात्रीत तो एकटा असूनही एकटा वाटत नाही. बारीक मिशी, नेटका सूट, आणि आपले सिनेमे, आपला नट-मित्र डिव्हाइन, आवडती माणसं यांच्याबद्दल न थकता बोलणं. विषय भलतेच चावट, तेव्हा घरातल्या लहानांना जवळ घेऊन बघू नका. पण ज्यांना जग हसतं, त्यांच्याबद्दल हा माणूस किती मायेने बोलतो! मला तर तीच त्याची खरी ताकद वाटते.

2006 च्या 'धिस फिल्दी वर्ल्ड'चा दिग्दर्शक मात्र वॉटर्स नाही, जेफ गार्लिन आहे; तो स्वतः विनोदी कलाकार आहे. हशा कुठे संपू द्यायचा आणि कॅमेरा कुठे गप्प ठेवायचा, हे अशा माणसाला सांगावं लागत नाही.

आता तुमचं. शूटिंग खऱ्या, भरलेल्या प्रयोगाचंच करा. तुमच्या सदऱ्याला एक माइक, आणि रंगमंचाच्या कडेला दोन माइक, तोंडं प्रेक्षकांकडे. तुमच्या शूटिंगमध्ये हे दोन असते तरी उपयोग नव्हता म्हणा, समोर माणूसच नव्हता. एक कॅमेरा पायापासून डोक्यापर्यंत तुम्हाला धरून ठेवू दे. तुम्ही अर्धं काम धोतराच्या सोग्याने करता, नुसता चेहरा दाखवून ते कसं कळणार? पुढच्या रांगांवर थोडा उजेड राहू द्या. जमलं तर लागोपाठ दोन प्रयोगांचं शूटिंग करा, कपडे तेच ठेवा, म्हणजे एकात चुकलेलं दुसऱ्यातून घेता येईल. भाच्याला बजावा, एडिटिंग करताना हशा कापायचा नाही आणि बाहेरचा चिकटवायचाही नाही.

आणि हे सगळं दिवाळीनंतर. पत्र्यावर सर कोसळली की कुठलाच माइक टिकत नाही.