खाणं बंद, तरी साखर 320 कशी?

भाऊ, आधी आप्पांवर संशय घेणं थांबवा. यावलकडे केळीच्या बागेत मधुमेही आप्पांच्या पायाला लागलं, जखम चिघळली, ताप भरला आणि एरवी दीडशेच्या आत राहणारी उपाशीपोटीची साखर 320 झाली, असं तुम्ही लिहिलंय. घरच्यांना वाटतंय, कुणीतरी लपून गोड खाऊ घालतंय. ज्याला वरणभात जात नाही तो माणूस जिलबी काय खाणार! ही साखर त्यांच्याच यकृतानं सोडलेली आहे.

भुसावळला लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे असे रिपोर्ट नेहमी हाताखालून जातात. जखमेतल्या जंतूंशी भिडलेल्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. कोविडात ‘सायटोकाइन स्टॉर्म’ ऐकलं असेल, तीच ही. इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ-अल्फा ही त्यातली मुख्य. रक्तातून आणि व्हेगस मज्जातंतूवाटे त्यांची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला लागते. तो मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला हलवतो, पिट्यूटरी मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं. इंटरल्यूकिन-1 हे सगळं सुरू करू शकतं, हे 1986-87 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. तोवर रोगप्रतिकार आणि हार्मोन ही जवळपास दोन वेगळी खातीच मानली जायची.

कॉर्टिसॉल यकृताला ग्लुकोज बनवायला लावतं. त्याच वेळी टीएनएफ-अल्फा चरबीत आणि स्नायूंत इन्सुलिनचं काम अडवतं. लढणाऱ्या पेशींना ग्लुकोज भरपूर लागतं, म्हणून निरोगी माणसात ही सोय उपयोगी पडते. मधुमेह्याचं इन्सुलिन आधीच अपुरं, तिथे ती अंगावर येते. वर साखर चढली की पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरत नाही. म्हणून ‘जेवत नाहीत, मग इन्सुलिन कशाला’ म्हणून परस्पर बंद करू नका. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.

कॉर्टिसॉलचं दुसरं काम मला जास्त भारी वाटतं. ज्या सायटोकाइननी त्याला बोलावलं, त्यांचंच उत्पादन ते कमी करतं. सूज हाताबाहेर जाऊ नये म्हणून हा ब्रेक. स्टेरॉइडची औषधं म्हणजे कॉर्टिसॉल किंवा त्याच्यासारखीच औषधं, ती याच ब्रेकवर चालतात. या संशोधनाला 1950 चं नोबेल मिळालं, आणि 2020 मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेले कोविड रुग्ण वाचवले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही.

आता खरी विचारायची गोष्ट. आप्पा गुडघेदुखीसाठी कुणाकडून बिननावाच्या पुड्या घेत होते का? आपल्याकडे हे सर्रास चालतं, आणि त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. त्यानं साखर वाढते, जंतुसंसर्ग झाकला जातो. महिनोन्‌महिने घेतलं तर ॲड्रिनल सुस्तावतात. मग एकदम बंद केल्यावर आजारपणात बीपी कोसळू शकतं. सर्जनना हे न लाजता सांगा.

रिपोर्टमध्ये थायरॉइडचं टी-3 हार्मोन कमी आलंय, त्याची गोळी इतक्यात मागू नका. मोठ्या आजारात थायरॉइडच्याच टी-4 हार्मोनचं टी-3 होणं मंदावतं, त्यातही या सायटोकाइनचा हात असतो. थायरॉइडला हुकूम देणारं पिट्यूटरीचं हार्मोन टीएसएच नॉर्मल आहे, तेव्हा बरं झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा.

पाय काळा पडला, वास यायला लागला, उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालला किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, रात्रीच जळगाव गाठा.