हीट पंप घेण्याआधी बादल्या मोजा

नमस्कार ताई,

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस, माणसं पाच, दोन जुने गिझर, आणि जानेवारीचं बिल बघून घरात रोजची कुरबुर. दुकानदार 200 लिटरचा हीट पंप 1,15,000 रुपयांत बसवून द्यायला तयार आहे, ‘बिल 70 टक्क्यांनी उतरेल’ म्हणतो. त्यासाठी एफडी मोडू की नो-कॉस्ट ईएमआय घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: सध्या दोन्ही नको.

यंत्रात खोट नाही, हे आधी सांगतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. वीज लागते ती फक्त ओढायला. म्हणून 1 युनिटमध्ये साधारण 3 युनिटांएवढं पाणी तापतं. माहितीपत्रकात सीओपी (1 युनिट विजेत किती युनिटांएवढी उष्णता मिळते, तो आकडा) 4 छापलेला असेल, तर तो उबदार हवेतला. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा 10 च्या खाली उतरतो, तेव्हा तो आकडाही उतरतो. टायमर लावून दुपारी चालवला तर बरा.

आणि ते 70 टक्के? ते फक्त पाणी तापवण्याच्या खर्चातले. फ्रिज, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन आहे तेवढंच खाणार.

आता बादल्या. तुमचं पत्र आल्यावर मी आमच्या न्हाणीघरातली बादली लिटरच्या मापाने भरून पाहिली, 18 लिटर निघाली. (बायको दारात उभी राहून हसत होती.) आपण 20 धरू. पाच जणांचं 100 लिटर, नळाचं पाणी 18 अंशांवरून 40 वर न्यायचं, तर अडीच युनिट लागतात. टाकीतून जाणारी उष्णता धरून गिझरचे 3 युनिट. हीट पंपाला 1. रोजची बचत 2 युनिट. एप्रिल-मेमध्ये गिझरला कोण हात लावतं? वर्षाचे 240 दिवस धरा. 480 युनिट, वरच्या स्लॅबचे 15 रुपये लावले तरी 7,200 रुपये.

तुमची एफडी 7 टक्क्यांची आहे. 1,15,000 वर वर्षाला 8,050 रुपये व्याज येतं. त्यातून कर जाईल, विजेचे दरही वाढतील, मान्य. पण मुद्दल तुमचं राहतं, यंत्र मात्र जुनं होतं. नुसत्या बचतीतून पैसे वसूल व्हायला 16 वर्षं लागतील, आणि तोवर कॉम्प्रेसर टिकेल यावर मी पैज लावणार नाही. ईएमआयचं म्हणाल, तर दुकानदाराला रोख भाव विचारा. कमी सांगितला, तर व्याज कुठे लपलंय ते कळेल.

गिझर बदलायचाच झाला तर पाच स्टारचा घ्या, पण भुलू नका: गिझरवरचे स्टार टाकी पाणी किती वेळ गरम धरते त्याचे असतात, तापवायला वीज तेवढीच लागते. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवरचे क्षार दरवर्षी काढून घ्या. आणि बटण चालू ठेवून पूजेला बसायची सवय सोडा.

तुमची गच्ची मोकळी आहे. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत वीज बनवणाऱ्या 3 किलोवॅटच्या सोलरला 78,000 रुपये अनुदान मिळतं. लाख रुपये घालायचेच असतील, तर आधी त्याचं कोटेशन मागवा. त्याने गिझरच काय, सगळ्या घराचं बिल उतरेल.

पत्राच्या शेवटी ‘पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर आठ मुलींचं पीजी सुरू करायचा विचार आहे’ असं सहज लिहिलंय. ते नक्की झालं तर पाचाच्या तेरा बादल्या होतील, वसुली सहा-सात वर्षांवर येईल. तेव्हा पुन्हा लिहा. कदाचित मीच ‘घ्या’ म्हणेन.